काडतुसांचा हिशेब आपल्या वहीत कसा ठेवावा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोर बाळगणारे आम्ही बरेच जण आहोत. बहुतेकांची बंदूक वडिलांकडून आलेली, काजू-पोफळीच्या भाटासारखीच, म्हणजे बागायतीसारखीच. अलीकडे चार परवानेवाले एकत्र बसले की विषय एकच निघतो: सरकार आता एकेक काडतूस मोजतंय. कोणी म्हणतो संगणकावर सगळं दिसतं, कोणी म्हणतो यादी थेट वनखात्याकडे जाते. एकाने तर धसका घेऊन काडतुसं घेणंच सोडलंय आणि रात्री डबे बडवत बसतो.

मी नोकरीभर तलाठी होतो. सरकार मोजतं याचं मला नवल वाटत नाही. सरकार काय मोजत नाही, याची धास्ती जास्त वाटते. दुकानातून किती काडतुसं तुमच्या घरी आली हे पक्कं लिहिलेलं असतं. ती कधी, कुठल्या बांधावर, कशासाठी उडाली हे कुणाच्याच दप्तरी नसतं. उद्या रानात गवा मरून पडलेला सापडला की तो रिकामा रकाना भरायला दुसरा कोणीतरी बसतो. तो आपणच आधी कसा भरून ठेवायचा, ते इथे सांगतो.

आधी परवाना उघडा

घरी कपाटात आहे म्हणू नका, हातात घ्या. पहिल्यांदा विशिष्ट ओळख क्रमांक बघा, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात. शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला तो तुमचा क्रमांक. तो नसेल तर बाकी सगळं सोडून जिल्हाधिकारी कार्यालय गाठा. मग बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुन्या बंदुकांचे नंबर गंजाखाली जातात आणि कारकुनाने वाचला तसा तो कागदावर उतरलेला असतो. परवान्याचं क्षेत्र बघा. गोव्यापुरता असेल तर चोर्ला घाट ओलांडून बेळगावात काडतुसं आणायला जायचं नाही, तिथे स्वस्त असोत की फुकट. मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला. ही सोय आहे आणि फसगतही, कारण पाच वर्षांत तारीख डोक्यातून जाते. मुदत संपलेल्या दिवसापासून कपाटातलं प्रत्येक काडतूस विनापरवाना ठरतं. दोन महिने आधी अर्ज करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

आता काडतुसांचे आकडे. ते दोन असतात: एका वेळी जवळ किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. शेजाऱ्याचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, आपल्या परवान्यावर लिहिलेत तेच खरे. लोक वर्षाचा आकडा पाठ करतात आणि पहिला विसरतात. घरात जुनी शिल्लक असताना नवीन पुडा आणला तर वर्षाची मर्यादा शाबूत राहूनही जवळ बाळगायची मर्यादा मोडते. अट मोडणं हा शस्त्र कायद्याच्या ३० व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परवान्यात न बसणारा माल सापडला तर गाडी २५ व्या कलमावर जाते आणि तिथले आकडे वर्षांत असतात.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असलेल्यांनी गैरसमज करून घेऊ नये. बंदुकीची दारू आणि ती पेटवणारी केपसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहेत. त्यांचाही हिशेब लागतो.

दुकानात

काडतूस घेताना दुकानदार परवान्यावर तारीख आणि संख्या लिहून सही-शिक्का करतो आणि तेच आपल्या नोंदवहीत चढवतो. ती नोंदवही अधिकारी मागतील तेव्हा दाखवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे तुमचं नाव आणि तुमचा आकडा किमान दोन ठिकाणी गेला. दोन्ही ठिकाणी सारखाच गेला का, हे बाहेर पडायच्या आधी बघणं तुमचं काम. संख्या अंकी आणि अक्षरी लिहून घ्या. आयुष्यभर एक-चौदा, म्हणजे गोव्यातला सातबारा, लिहिलेल्या माणसाचं ऐका: १ च्या पुढे शून्य बसायला वेळ लागत नाही, 'दहा'चं 'शंभर' करायला लागतो. बिल घ्या. दुकानदार 'ओळखीचे आहात, राहू दे' म्हणाला तरी घ्या.

छऱ्याचा नंबरही, म्हणजे छरा किती बारीक-जाडा ते सांगणारी खूण, बिलावर लिहून घ्या. इथे जरा थांबतो, कारण आमच्याकडचे निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आमच्या भागात वर्षानुवर्षं चालत आलीत आणि त्यात बारीक छऱ्यापासून एल.जी.पर्यंत प्रकार मिळतात. एल.जी. म्हणजे मोजके, जाडे छरे, मोठ्या जनावराला आडवं करणारे. शेतसंरक्षणाचा परवाना शिकारीसाठी मिळालेला नाही. आम्ही बार काढायचा तो आवाजासाठी, हवेत, कळप बिचकून मागे फिरावा म्हणून. मग नोंदवहीत वर्षभर तुमच्या नावापुढे एल.जी.च लागत असेल तर वाचणारा काय समजेल? रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, गवा तर आधीपासून पहिल्यात. मोरालाही उपद्रवी ठरवावं अशी चर्चा २०१६ मध्ये गोव्यात सरकारी पातळीवर झाली होती, चर्चाच राहिली. म्हणून बारीक छरा घ्या. आवाज तेवढाच होतो.

पैसे रोख द्यावे की यूपीआयने, असं मला पोरं विचारतात. माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो, तो फोनवर तिकडच्या गोष्टी सांगतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने दुकानदारांना काडतुसांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागे, १९८६ मध्ये ती अट बहुतांशी उठली. मग कॅलिफोर्नियाने आपल्यापुरता वेगळा कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे प्रत्येक खरेदीला पडताळणी सुरू झाली. त्यावर खटला अजून गाजतोय. २०२२ मध्ये बंदुकांच्या दुकानांसाठी कार्डव्यवहारांचा स्वतंत्र संकेतांक मंजूर झाला, तेव्हा तर तिकडचे बंदूकवाले चवताळले: बँकेला आमची काडतुसं कशाला दिसायला हवीत? मोठ्या कार्ड कंपन्यांनी २०२३ मध्ये ते काम थांबवलंही, पण राज्याराज्यांत त्यावरून उलटसुलट कायदे झाले. त्यांचं भांडण मला समजतं. बंदूक हा त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेला हक्क आहे, त्यामुळे नोंद म्हणजे हक्कावर पाळत असं ते धरतात. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून परवानगीचा मामला, आणि नाव-गाव-सही दिल्याशिवाय काडतूस हातात पडतच नाही. ते सगळं देऊन झाल्यावर फक्त पैशाची वाट लपवण्यात काही अर्थ नाही. मी यूपीआयने देतो. नोंदवहीत कोणी खाडाखोड केलीच तर बँकेची तारीख माझ्या बाजूने उभी राहते.

वही

दोनशे पानी, शिवलेली, पानांना छापील क्रमांक असलेली वही घ्या. सुटे कागद, डायरी, मोबाईल यातलं काही नको. रकाने आखा: तारीख आणि वेळ, आवक, वापर, छऱ्याचा नंबर, जागा, कारण, शिल्लक, खोकी (बार झाल्यावर उरणारी रिकामी काडतुसं). पहिल्या ओळीत आज घरात प्रत्यक्ष मोजून जी भरतील ती आरंभीची शिल्लक लिहा. ती परवान्यावरच्या नोंदीशी जुळणार नाही, कारण मागची कित्येक वर्षं कोणी लिहिलेलंच नाही. जुळवायचा खटाटोप करू नका, मागच्या तारखा घालून तर मुळीच नको. जे आहे ते लिहा, खाली सही करा.

पुढची नोंद अशी दिसते: '१२ मार्च, पहाटे ४.१०. वापर २, नंबर ६. वरच्या काजूत, ओहोळाच्या बाजूला. डुकरांचा कळप, हवेत बार. शिल्लक १२. खोकी २ जमा.' एवढंच. 'कळप फार मोठा होता, मी घाबरलो' असली कादंबरी नको. मात्र 'जागा' या रकान्यात कंजुषी करू नका. 'शेतात' लिहून भागत नाही. सर्व्हे क्रमांक आणि ओळखीची खूण, म्हणजे विहीर, मांगर (शेतातली खोपी), भेडसाचं मोठं झाड, काहीतरी. बार झाल्याच्या सकाळी नुकसान झालेलं असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि नुकसानीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्या. भरपाई मिळेल न मिळेल, त्यावर तारखेचा शिक्का पडतो. त्या तारखेला तुमच्या भाटात डुकरं होती हे आता सरकारी कागदावर आलं. वहीला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

उडालेली खोकी टाकू नका. रानात पडलेलं खोकं ही दुसऱ्याच्या हातात दिलेली गोष्ट आहे. ते उद्या कुठल्या मेलेल्या सांबराजवळ सापडेल याचा नेम नाही. पहाटे मिळालं नाही तर उजाडल्यावर शोधा. तरीही नाही मिळालं तर 'खोके सापडले नाही' असं लिहा. गोळा केलेली खोकी वर्षवार पिशवीत बांधून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी वापराचा हिशेब विचारला गेला तर टेबलावर ठेवता येतात.

पावसाळ्याचं वेगळं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी धरते, तिथे काडतुसाची काय कथा. कागदी खोक्याचं काडतूस फुगतं, नळीत शिरत नाही, आणि शिरलं तर निघत नाही. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. मांगरात कधीच नको. हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, भट्टी पेटलेली असताना त्याच मांगराच्या माळ्यावर काडतुसांचा पुडा ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. फुगलेलं किंवा न उडालेलं काडतूस नदीत फेकू नका, पुरू नका. वहीत नोंद करून, पत्र लिहून दुकानदाराकडे किंवा पोलीस स्थानकात द्या आणि पोच घ्या. फेकलेलं काडतूस तुमच्या हिशेबात कायमचं 'कुठे गेलं?' बनून राहतं.

अभयारण्याशेजारी राहत असाल तर

म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिघात राहणाऱ्या परवानेवाल्याने वनखात्याकडेही आपली नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. नकाशावर दहा किलोमीटरचा गोल काढून पाहा, सत्तरीत कोण सुटतो? तेव्हा 'वनखात्याला आमची यादी गेली' म्हणून चिडणाऱ्यांना मी सांगतो, ती जायचीच होती. तुमच्या वडिलांनी ती नोंद केली होती का, तेवढं शोधा. कागद सापडला तर त्याची प्रत वहीत लावा. अभयारण्याच्या हद्दीतून बंदूक घेऊन वाट काढू नका, जवळची असली तरी.

निवडणूक

आमची खरी चीड इथे आहे, आणि ती रास्त आहे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, गोव्यात मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. म्हणजे बोंडू पिकून पडतात आणि डुकरं-माकडं-गवे भाटात उतरतात, नेमकी तेवढ्याच दिवसांत बंदूक जमा करा म्हणून सांगणं येतं. यादी सरकारकडे असल्यामुळे एकही घर सुटत नाही. विनापरवाना बंदूकवाल्याच्या दारात मात्र कोणी जात नाही, कारण तो यादीतच नाही. नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही, पण त्या नोंदीचा उपयोग फक्त सापडणाऱ्यालाच वेठीला धरण्यासाठी होत असेल तर लोक यादीला घाबरणारच.

यावर उपाय आहे. सरसकट सगळ्यांच्या बंदुका काढून घ्यायच्या नाहीत, छाननी समितीने प्रत्येकाचं प्रकरण बघून ठरवायचं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालापासून निवडणूक आयोगाच्या सूचनांत आहे. तेव्हा आचारसंहितेची वाट न बघता फेब्रुवारीतच जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. सोबत कृषी कार्ड, एक-चौदाचा उतारा, नुकसानीच्या जुन्या अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती, आणि तुमच्या वहीतल्या मागच्या मार्च-एप्रिलच्या पानांची झेरॉक्स जोडा. आपल्यावर गुन्हा नाही आणि मागच्या निवडणुकांत तक्रार नव्हती, हे एका ओळीत लिहा. दर वेळी सूट मिळेलच असं नाही. पण ज्याने काहीच दिलं नाही त्याच्या प्रकरणात छाननी कशाची करणार?

जमा करावी लागलीच तर लेखी आदेश किंवा नोटीस मागा, गोड शब्दांत. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्या. बंदूकच लिहितात, काडतुसं राहून जातात, हे आमच्या वाड्यावर झालंय. परत घेताना पुडा कमी भरला आणि बोलायला कागद नव्हता. बंदूक देण्याआधी नंबर, नळी आणि दस्त्यावरचे ओरखडे यांचे फोटो काढा. वहीत 'जमा' आणि 'परत' अशा दोन ओळी येतील, मधल्या काळात वापर शून्य.

माहिती कुणाकुणाच्या हातात जाते

सरकारी संगणकापेक्षा मला झेरॉक्सच्या दुकानाची भीती जास्त. परवान्याच्या प्रती आपण कुठेही टाकतो. कोणत्या घरात बंदूक आहे हे चोराला कळायला तेवढं पुरतं. प्रत्येक झेरॉक्सवर मजकुराच्या अंगावरून आडवं लिहा: 'फक्त नूतनीकरणासाठी', तारीख, सही. बिघडलेली प्रत दुकानात ठेवून येऊ नका. परवान्याचा किंवा बंदुकीचा फोटो व्हॉट्सॅपच्या गटात टाकू नका. लग्नात बंदूक घेऊन फोटो तर नकोच. आनंदाच्या भरात बार काढणं २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

आपल्याबद्दल दप्तरी काय आहे ते बघायचं असेल तर माहिती अधिकाराखाली स्वतःच्याच परवान्याच्या फाईलची प्रत मागा. अर्जात यूआयएन द्या, 'माझ्या नावावरील' हे शब्द घाला, म्हणजे त्रयस्थाची माहिती म्हणून परत पाठवायला जागा राहत नाही. प्रत आली की बंदुकीचा नंबर, पत्ता, क्षेत्र, काडतुसांचे आकडे वहीशी ताडा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज शांतपणे द्या. बंदूक तपासणीला मागवली जाईपर्यंत थांबाल तर तीच चूक तुमच्यावर शेकते.

बाहेरगावी जाताना जाकीट आणि पिशव्यांचे खिसे उलटे करून झटका. रानात घातलेल्या जाकिटाच्या अस्तरात एखादं काडतूस सरकून बसतं आणि दाबोळी किंवा मोपा विमानतळावरच्या तपासणी यंत्रात ते पहिल्यांदा दिसतं. ते तिथे नकळत राहिलं हे पुढे कोर्टात सिद्ध होऊ शकतं, पण विमान तर गेलंच. ज्याच्या वहीत शिल्लक एकने कमी भरत होती त्याला ते घरातच कळलं असतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा उघडून मोजायचं आणि शिल्लकेपुढे टिक मारायची.

राहिलं वारसाचं. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा बंदूक पंचवीस वर्षं जवळ असली, की हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. आमच्यातले निम्मे लोक या दोन्हींत बसतात आणि तरी करत नाहीत, कारण बापाच्या हातची बंदूक मुलाला द्यायची म्हणजे अपशकुन वाटतो. मग एक दिवस माणूस जातो, तेरावा होतो, आणि परवाना नसलेल्या मुलाच्या घरात बंदूक आणि काडतुसं तशीच पडून राहतात. तसं झालं तर दिवस मोजत बसू नका. दोन्ही वस्तू जवळच्या पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. काडतुसं वहीतल्या शेवटच्या शिल्लकेप्रमाणे मोजून द्या आणि पावतीवर तीच संख्या लिहून घ्या. वारस म्हणून अर्ज कराल तेव्हा ती पावती, मृत्यूदाखला आणि वहीच्या शेवटच्या पानाची प्रत एकत्र जोडा. आणि वही कुठे ठेवलीय, किल्ली कुठे असते, हे घरात आजच कुणाला तरी सांगून ठेवा.